चौसष्ट अक्षरांची पावती

दीपमाला रामटेके नागपुरात सक्करदऱ्याला राहते. रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. ओढणी डोक्यातोंडाला गुंडाळायची, स्कूटीच्या पायदानावर बर्फाचा डबा ठेवायचा आणि उन्हं तापायच्या आत निघायचं. आमच्या नंदनवनात तिची बरीच घरं आहेत. माझ्या आईच्या हाताची शीर भल्याभल्यांना सापडत नाही. दीपमाला डोळे मिटून बोटाने चाचपते आणि पहिल्याच सुईत रक्त येतं. ती जे सांगत गेली ते असं कापूस दाबून धरता धरता, तुकड्यातुकड्यांनी. मी फक्त ते ओळीने लावलं आहे.

तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ऑटो चालवू लागले आणि एका उन्हाळ्यात ऑटोतच गेले. तेव्हा दीपमाला लॅबचा कोर्स करत होती आणि धाकटा प्रशिक शाळेत होता. आई बायजाबाई दम्याची. घर चालवायचं ते दीपमालाने, हे कुणी ठरवलं नाही, ते तसं होऊन गेलं. स्थळं आली तेव्हा ती म्हणायची, "पह्यले प्रशिक पायावर उभा राहू द्या, मंग पाहू." प्रशिकने डिप्लोमा केला, मग दोन-तीन ठिकाणी चिल्लर नोकऱ्या केल्या. त्याचा एक वर्गमित्र बँकॉकला गेला होता. त्याच्या ओळखीचा एजंट भेटला. कंपनीत बसून ग्राहकांशी कॉम्प्युटरवर बोलायचं, राहणं-खाणं कंपनीचं. मागच्या वर्षी पोळा झाला आणि प्रशिक गेला. बायजाबाईंनी विहारात त्याच्या नावाने खीर वाटली.

सुरुवातीला त्याचे फोन आले. मग नुसते मेसेज आले. मग दिवाळी झाल्यावर एका दुपारी दीपमाला एका घरून नमुना घेऊन निघत होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून त्याचा फोन आला. तो कुजबुजत होता.

"ताई, मी बँकॉकले नाही वं. नदी पार करून आणलं आम्हाले. इथं बंदूकवाले आहेत. पासपोर्ट घेऊन घेतला."

"कोण्या देशात आहे तू?"

"म्यानमार म्हणतात. मले लोकाईले फसवाले लावून राहिले, ताई. नाही केलं तर करंट देतात. मायले नको सांगू."

फोन कटला. दीपमालाने स्कूटी सावलीत लावली आणि तिथेच फुटपाथवर बसली. डब्यातला बर्फ वितळून नमुना खराब होईल, एवढंच तिच्या डोक्यात येत होतं. दुसरं काही येतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सायबर पोलिसांकडे गेली. तिथे अंकुश नावाचे एक तरुण फौजदार होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अर्ज लिहून घेतला, दूतावासाला मेल कसा करायचा ते स्वतः करून दाखवलं. शेवटी म्हणाले, "ते पैसे मागतील. देऊ नका. दिले की अजून मागतात. ही गोष्ट मी तुम्हाले आताच सांगून ठेवतो."

पैशाची मागणी काही दिवसांनी आलीच. हिंदीत, मोडकातोडका मेसेज. कंपनीने प्रशिकच्या तिकिटावर, राहण्यावर, ट्रेनिंगवर खर्च केला आहे, तो भरून दिला तर त्याला सोडू. रुपये नकोत, बँकेत नकोत. यूएसडीटी पाहिजे, म्हणजे ज्याची किंमत डॉलरइतकीच असते ते डिजिटल चलन. खाली इंग्रजी 'टी' ने सुरू होणारा आकड्या-अक्षरांचा एक लांबलचक पत्ता होता. त्याच्याखाली व्हिडिओ होता. प्रशिक भिंतीला टेकून उभा, ओठ फाटलेला. "ताई, लवकर कर," एवढंच तो म्हणत होता.

बायजाबाईंपासून हे लपवणं आता शक्य नव्हतं. दीपमालाने व्हिडिओ दाखवला नाही, पण सांगितलं. बायजाबाई किती तरी वेळ पंपातून दम्याचं औषध ओढत बसल्या. मग उठून त्यांनी गळ्यातली पोत काढली, ट्रंकेतले कानातले काढले आणि ओट्यावर ठेवले.

"पोलिसानं नको म्हणलं ना माय?"

"पोलिसाचं लेकरू नाही तिथं," बायजाबाई म्हणाल्या.

दागिने गेले. लॅबच्या सोसायटीतून कर्ज निघालं. संक्रांत झाली आणि पैसे हातात आले, पण त्याचे डिजिटल डॉलर कसे करायचे हे दीपमालाला माहीत नव्हतं. नंदनवनात मोहितचं मोबाइलचं दुकान होतं. त्याचे वडील कवडूजी यांची शेजारीच आटाचक्की. कवडूजींच्या साखरेची तपासणी दीपमालाच करायची, म्हणून ओळख. मोहित दुकानात बसून क्रिप्टोची, म्हणजे असल्याच डिजिटल चलनाची, खरेदी-विक्री करतो, हे तिला ठाऊक होतं.

"ताई, टेन्शन नका घेऊ," मोहित म्हणाला. "माझं रोजचंच काम आहे हे. तुम्ही पैसे द्या, पत्ता द्या, आज संध्याकाळच्या आत पोचून जाते."

संध्याकाळी त्याने स्क्रीनशॉट पाठवला. हिरवी गोल खूण, खाली रक्कम, त्याखाली 'यशस्वी' असं इंग्रजीत. दीपमालाने तो तसाच पुढे पाठवला आणि बायजाबाईंना म्हणाली, "झालं." दोघी जेवल्या. बऱ्याच दिवसांनी दोघी एका वेळी जेवल्या.

सकाळी उत्तर आलं. पैसे मिळाले नाहीत. फोटो चालणार नाही. टीएक्स आयडी भेज.

टीएक्स आयडी म्हणजे काय, हे तिला कळेना. तिने मोहितला फोन केला. "अरे हो, ट्रान्झॅक्शन आयडी. पाठवतो ना," तो म्हणाला. तासाभराने त्याने पाठवला. आकडे आणि अक्षरं यांची एक अखंड ओळ, मध्ये कुठे जागा नाही, शब्द नाही. दीपमालाने पुढे ढकलली. दुपारी उत्तर आलं. हा आमचा पत्ता नाही. आम्हाला मूर्ख समजता काय? सोबत आवाजाची एक फीत. त्यात प्रशिक ओरडत होता.

ती त्या वेळी लॅबमध्ये होती. फीत ऐकली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ती रडली. बाहेर आली तेव्हा कुणाच्या शिरेत सुई घालणं तिला शक्य नव्हतं. तिने सुट्टी मागितली. लॅबच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस होतं. तिथे काम करणारी रितिका रोज जिन्यात भेटायची. रितिका क्रिप्टोवाल्या लोकांचे टॅक्सचे कागद करते, असं कधीतरी बोलण्यात आलेलं. दीपमाला जिना चढून गेली आणि दारातच म्हणाली, "रितिका, मले एक नंबर वाचून दे वं. माझ्या भावाचा जीव आहे त्याच्यात."

रितिकाने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. सगळं ऐकल्यावर तिने आधी दार लावलं.

"ताई, तुम्ही बँकेतून पैसे पाठवले की एक नंबर येतो ना, यूटीआर?"

"हो."

"हा तसाच समजा. क्रिप्टोत दर वेळी पैसे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर गेले की त्या व्यवहाराला एक वेगळा आयडी पडतो. साधारण चौसष्ट अक्षरांचा असतो, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ. हा कोणी हातानं लिहीत नाही, त्या व्यवहारातूनच गणित होऊन तयार होतो. एका व्यवहाराचा आयडी दुसऱ्याले कधीच मिळत नाही."

"मंग हा खरा का खोटा, कसं समजते?"

"फरक इथंच आहे. यूटीआर फक्त बँक उघडून पाहू शकते. हा कोणीही पाहू शकतो, तुम्ही, मी, तिकडचे ते लोक. पासवर्ड लागत नाही. फक्त पैसे कोण्या नेटवर्कवरून गेले ते माहीत पाहिजे. प्रत्येक नेटवर्कची तपासायची वेबसाइट वेगळी असते. चुकीच्या ठिकाणी टाकला तर काहीच सापडत नाही."

पत्ता 'टी' ने सुरू होतो म्हणजे नेटवर्क कोणतं, हे रितिकाला ठाऊक होतं. तिने ती वेबसाइट उघडली, मोहितने पाठवलेली ओळ तिथे चिकटवली आणि कॉम्प्युटरचा पडदा दीपमालाकडे वळवला.

"हे पाहा. इथं लिहिलं आहे व्यवहार झाला का फसला. झाला आहे. इथं कोणी पाठवले, त्याचा पत्ता. इथं कोणाले मिळाले, त्याचा पत्ता. आता तुमच्या मेसेजमधला पत्ता काढा."

दीपमालाने काढला. दोन्ही 'टी' ने सुरू होत होते. पुढचं एकही अक्षर जुळत नव्हतं.

"रक्कम पाहा," रितिका हळूच म्हणाली. "तुम्ही दिली त्याच्या चौथाईही नाही. आणि तारीख." तिने बोट ठेवलं. तारीख दिवाळीच्या आधीची होती.

"तेव्हा तर मी त्याले पैसेच नव्हते दिले."

"हो ताई. हा दुसऱ्याच कोणाचा तरी व्यवहार आहे. त्यानं कुठून तरी उचलून तुम्हाले दिला."

दीपमालाने तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे ट्यूबवरचा बारकोड. दुसऱ्याच्या ट्यूबचा बारकोड दिला अन् मले सांगतलं का हा तुमचा रिपोर्ट."

रितिकाने मान हलवली. निघताना तिने तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. स्क्रीनशॉटवर कधी विश्वास ठेवायचा नाही, तो मोबाइलवर कुणीही बनवतो. आयडी कुणालाही दाखवला तर बिघडत नाही, त्याने कुणी तुमचे पैसे काढू शकत नाही, पण वॉलेटचे, म्हणजे ते पैसे ठेवायच्या ॲपचे, गुप्त शब्द मात्र कुणाला सांगायचे नाहीत. आणि एकदा पैसे गेले की परत बोलवायचं बटण नाही. "बँकेत निदान मॅनेजर असतो भांडायले. इथं कोणीच नसते." शेवटी ती म्हणाली, "ताई, मी पाठवा म्हणत नाही. पोलिसांनी सांगितलं तेच बरोबर आहे. पण पाठवलेच, तर आधी थोडेसे पाठवा, तपासा, मग बाकीचे."

दीपमाला तिथून थेट मोहितच्या दुकानात गेली. ऊन कलायला लागलं होतं. मोहित एका मुलीच्या मोबाइलला काच लावत होता. दीपमाला ती मुलगी जाईपर्यंत थांबली.

"मोहित, तू दिलेला नंबर मी उघडून पाह्यला. दिवाळीच्या आधीचा आहे."

"ताई, नेटवर्क जाम आहे, कधी कधी चुकीची तारीख..."

"काहून खोटं बोलून राहिला?"

 मग मोहित म्हणाला की पाठवायच्या आधी त्याने ते पैसे दोन दिवसांसाठी एका सौद्यात लावले होते. वाढले असते तर तिचे तिला देऊन वर त्याला काही उरलं असतं. भाव पडला. निम्म्याहून जास्त गेले. "पुढच्या आठवड्यात करून देतो, ताई. कसम."

"पुढच्या आठवड्यात?" दीपमाला म्हणाली आणि तिने फोन काढून ती आवाजाची फीत मोठ्याने लावली.

शेजारच्या चक्कीचा पट्टा फिरत होता. तो आवाज कापून प्रशिकचं ओरडणं बाहेर गेलं. रस्त्यावरचे दोघे-तिघे थांबले. चक्की बंद झाली आणि कवडूजी पिठाने पांढरे झालेले हात घेऊन दुकानात आले.

"काय आहे हे? कोणाचा आवाज आहे?"

दीपमालाने सांगितलं. सगळं, न रडता. कवडूजींनी मोहितकडे पाहिलं. मोहित काउंटरवरचा काचेचा तुकडा उचलून ठेवत होता, उचलून ठेवत होता. कवडूजींनी त्याच्यावर हात उगारला नाही. ते दुकानाच्या पायरीवर बसले. मग आतून त्यांच्या पत्नी कौशल्याबाई आल्या. त्यांनी नवऱ्याकडून दोन वाक्यांत ऐकलं आणि तिथेच हातातल्या पाटल्या काढायला लागल्या. एक निघेना. त्यांनी नळाखाली हात धरला, साबण लावला आणि ओढून काढली.

"पोरी, हे घे," त्या म्हणाल्या. "कमी पडलं तर अजून पाहू. पण त्या लेकराले आणा."

दीपमाला सांगते, त्या वेळी तिला कौशल्याबाईंचा रागही आला होता आणि त्यांच्या पायांवर डोकंही ठेवावंसं वाटलं होतं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. पाटल्या रुमालात बांधल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्याच दुकानात, शटर अर्धं ओढून, मोहितने उरलेले आणि पाटल्यांचे मिळून यूएसडीटी घेतले. दीपमाला त्याच्या खांद्याजवळ उभी होती. कवडूजी दारात.

"पह्यले थोडे पाठव," ती म्हणाली.

मोहितने पत्ता चिकटवला. दीपमालाने आपल्या फोनमधला पत्ता समोर धरला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागली. मोठा आर, लहान के, आठ, मोठा डब्ल्यू. मोहित पडद्यावरचं अक्षर बघून 'हो' म्हणायचा. मधेच ती चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कवडूजी दारातून म्हणाले, "सावकाश, बाई. सावकाश." शेवटचं अक्षर जुळलं तेव्हा ती म्हणाली, "पाठव."

मोहितने थोडेसे डॉलर पाठवले. नवीन आयडी आला. तिने तो आपल्या हाताने वेबसाइटवर टाकला. पडद्यावर आधी लिहून आलं की व्यवहाराची खात्री अजून व्हायची आहे. ती बघत राहिली. पान पुन्हा उघडलं. खात्री झाली. कुणाकडून, कुणाला, किती, सगळं जागेवर. मग बाकीचे गेले. पुन्हा नवा आयडी. पुन्हा तीच तपासणी. दोन्ही आयडी तिने तिकडे पाठवले.

या वेळी उत्तर लगेच आलं. मिळाले.

आणि त्याच्याखाली लगेच दुसरं. हे तर फक्त खर्चाचे. उशीर केल्याचा दंड वेगळा.

दंड तेवढाच होता, जेवढी पहिली रक्कम.

दीपमालाने मेसेज दोनदा वाचला. मोहितने वाचला आणि तोंड फिरवलं. कवडूजींनी विचारलं, "काय म्हणते? सोडून राहिले ना?" तिने फोन त्यांच्यापुढे धरला. तिच्याकडे पावती होती, सगळ्या जगाला उघडून दाखवता येईल अशी पक्की पावती. पैसे गेले होते, बरोबर पत्त्यावर गेले होते. त्यांनी दिलेला शब्द मात्र त्यात कुठेच लिहिलेला नव्हता.

ती घरी गेली नाही. बायजाबाईंना काय सांगायचं? सक्करदऱ्याच्या तलावाच्या काठाला ती उन्हात बसून राहिली. पाण्याकडे बघताना जे मनात आलं ते तिने मला सांगितलं आहे. ते मी इथे लिहीत नाही. फक्त एवढं, की बायजाबाईंचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, "माझा पंप संपला वं, येताना घेऊन येजो." ती उठली आणि औषधाच्या दुकानात गेली.

पुढचा पैसा उभा राहण्यासारखा नव्हता. ती पुन्हा सायबर पोलिसांकडे गेली. अंकुश साहेबांनी ऐकलं.

"मॅडम, मी नको म्हणलं होतं."

"तुमचा भाऊ असता तर?"

 त्यांनी दोन्ही आयडी मागून घेतले आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडले. पैसे ज्या पत्त्यावर गेले होते तिथून ते लगेच पुढे सरकले होते, दुसऱ्या पत्त्यावर, तिथून तिसऱ्यावर. तिसरा पत्ता परदेशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजचा, म्हणजे अशा चलनाच्या बाजाराचा, होता.

"हे पाहा," ते म्हणाले. "कोणाचा पत्ता आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसते. पण एक्स्चेंजले त्याच्या ग्राहकाचं नाव माहीत असते. आयडी आहे म्हणून मी त्यायले लिहू तरी शकतो. नुसता स्क्रीनशॉट असता तर काहीच करता आलं नसतं. उत्तर कधी येईल ते मात्र सांगत नाही."

त्यांनी लिहिलं. एक्स्चेंजचं उत्तर आलं नाही. तिकडच्या लोकांचे मेसेज थोडे दिवस आले, मग तेही बंद झाले. व्हिडिओ नाही, आवाज नाही. आधी तिला तो आवाज नकोसा होता. आता तो येत नाही म्हणून तिचा जीव जात होता.

तिला एक सवय लागली. दोन घरांच्या मध्ये, कुणाच्या तरी फाटकाजवळ स्कूटी उभी करून, ती फोनवर तो 'टी' वाला पत्ता उघडायची. तिथे आलेले सगळे व्यवहार ओळीने दिसायचे. तिच्या दोन ओळी खाली खाली जात होत्या, कारण वर रोज नव्या येत होत्या. कधी मोठी रक्कम, कधी अगदी लहान. प्रत्येक ओळीला आपला आयडी. ती रितिकाला एकदा म्हणाली, "एवढ्या लोकाईची लेकरं आहेत काय वं तिथं?" रितिका म्हणाली, "सगळे खंडणीचेच नसतील, ताई. फसवलेले लोकही असतील." दीपमालाने फोन बंद केला. तिचा भाऊ तिथे बसून काय काम करत होता, हे तिने स्वतःला बरेच दिवस आठवू दिलं नव्हतं.

उन्हाळ्यात तिकडच्या लष्कराने नदीकाठच्या त्या आवारांवर धाडी घातल्या. बातम्यांत माणसांच्या रांगा दिसू लागल्या. दीपमालाने दूतावासाला रोज मेल केले. एका सकाळी सुटलेल्यांच्या यादीतलं नाव कळवलं गेलं, प्रशिक रामटेके. तो नदीच्या अलीकडच्या, थायलंडमधल्या छावणीत होता. तिथून त्याला बाकीच्यांबरोबर विमानाने दिल्लीला आणलं, तिथे चौकशी झाली आणि मग रेल्वेने तो नागपूरला उतरला. बायजाबाई फलाटावर त्याच्याजवळून पुढे निघून गेल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलंच नाही.

घरी तो दारं-खिडक्या उघड्या ठेवायला लावायचा. भिंतीला पाठ लावून बसायचा. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. काय झालं ते कुणी विचारलं नाही. आठवड्याभराने त्यानेच विचारलं, "ताई, तू पैसे पाठवले होते का?"

तिने फोन काढून दाखवला. वेळ बघून ती म्हणाली, "ही वेबसाइट वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं दाखवते. दुपारी पाठवले होते, संक्रांत झाल्यावर."

प्रशिकने तारीख नीट पाहिली. "मी नव्हतो तिथं," तो म्हणाला. "संक्रांतीच्या आधीच मले दुसऱ्या कंपनीले विकलं त्यायनं."

"अन् तो आवाज? व्हिडिओ?"

"पह्यलेच घेऊन ठेवतात, ताई. सगळ्यायचे घेतात."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्या फितींमध्ये तो एकदाही तिच्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हता. बायजाबाई ओट्याजवळ पोळ्या लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं. पोत, कानातले, कौशल्याबाईंच्या पाटल्या, सोसायटीचं कर्ज, हे सगळं जो माणूस तिथे नव्हताच त्याच्यासाठी दिलं गेलं होतं. दीपमाला म्हणाली, "असू दे. तू आला ना." पण हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज असा होता की मी पुढे काही विचारलं नाही.

प्रशिक मात्र फोन खाली ठेवेना. तो त्या पत्त्यावरच्या ओळी वर सरकवत मागे मागे जात होता, जानेवारी, डिसेंबर, दिवाळी. एका ओळीवर तो थांबला.

"हे काय आहे?" दीपमालाने विचारलं.

"भाऊबीजेचा दिवस होता म्हणून ध्यानात आहे." तो थांबत थांबत बोलत होता. "एक गुरुजी होते, रिटायर झालेले. कोण्या गावचे ते नाही माहीत, हिंदीत बोलायचे. मी बाईच्या नावानं बोलत होतो त्यायच्याशी. इन्व्हेस्टमेंट म्हणून. मले बेटी म्हणायचे. त्यायले पाठवता येत नव्हतं तर मीच शिकवलं. पत्ता कसा चिकटवायचा, आयडी कुठं दिसते. मागं माणूस उभा होता. मी लिहिलं, बाबूजी, टीएक्स आयडी भेजिए. त्यायनं भेजला." त्याने ओळीवर बोट ठेवलं. "हा आहे."

लाटणं बाजूला ठेवून बायजाबाई आल्या आणि त्याच्याजवळ खाली बसल्या.  त्याचं डोकं त्यांनी मांडीवर ओढून घेतलं, तेव्हा तो पहिल्यांदा रडला.

दुसऱ्या दिवशी तो दीपमालाबरोबर सायबर पोलिसांकडे गेला. आपणच आरोपी होऊ, हे त्याला माहीत होतं. दिल्लीत त्याला तसं सांगितलंही होतं. तरी त्याने जबाब दिला. अंकुश साहेबांनी विचारलं, "नाव?" गुरुजींचं खरं नाव प्रशिकला माहीत नव्हतं. नंबर त्याच्याकडे नव्हता, फोन कंपनीचा होता. त्याच्याकडे ती एक ओळच होती. साहेबांनी आयडी उतरवून घेतला आणि म्हणाले, "त्या माणसानं देशात कुठंही तक्रार केली असेल अन् हा आयडी दिला असेल, तर जुळेल. पण पुष्कळ लोक लाजेनं तक्रारच करत नाहीत."

प्रशिक आता इतवारीत एका होलसेलवाल्याकडे माल उतरवून घ्यायला जातो. मोबाइल ठेवत नाही. एक्स्चेंजकडून मध्यंतरी उत्तर आलं की त्या खात्यातून पैसे केव्हाच काढले गेले आहेत. कवडूजींनी मोहितचं दुकान भाड्याने देऊन टाकलं. कौशल्याबाईंना पाटल्यांचे पैसे परत करायचे म्हणून दीपमाला एकदा गेली होती, तर त्यांनी तिला चहा पाजून तसंच परत पाठवलं.

दर सोमवारी, कामावर जायच्या आधी, प्रशिक सायबर पोलिसांच्या दारात उभा राहतो. शिपाई त्याला ओळखतो. तो आत जाऊन एकच विचारतो, गुरुजींची तक्रार कुठे सापडली का. साहेब कॉम्प्युटरवर पुन्हा एकदा शोधतात. आजपर्यंत सापडलेली नाही.